साठ वॅटचा माणूस

भानूचं पत्र फाल्गुनात आलं आणि ज्येष्ठ लागला तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. विसरलो असतो तर एक वेळ क्षम्य होतं. मी विसरलो नव्हतो. वाचत असलेल्या पुस्तकात ते पत्र मी खूण म्हणून घालत असे. पुस्तक संपलं की पत्र पुढच्या पुस्तकात जायचं. अशा रीतीने त्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीचं पत्र माझ्यापेक्षा जास्त वाचन करून बसलं होतं.

पत्र पाचच ओळींचं. भानूला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून ती अजून पत्रं लिहिते. आणि जन्मभर फळ्यावर लिहिलं, म्हणून थोडक्यात लिहिते. "दादा, नाशिकच्या घरातली वरची खोली रिकामी झाली. खिडकीशी कडुनिंब आहे. माझ्याने जिना चढवत नाही, त्यामुळे तुला त्रास द्यायला कुणी वर येणार नाही. पुस्तकं घेऊन ये. आलास की कायमचा राहा."

'येतो' असं लिहायला बसलो की मला मुलाचा, सुधन्वाचा चेहरा दिसायचा. 'येत नाही' असं लिहायला बसलो की कडुनिंब दिसायचा. दिल्लीच्या एका सरकारी कचेरीत उभी हयात मी दुसऱ्यांची वाक्यं मराठीत आणली. मूळ मजकूर समोर नसला की मी तसा निरुपयोगीच.

मग अक्षताने घरात एका खोलीचा नियम आणला, आणि कडुनिंब मला फारच जवळ दिसू लागला.

अक्षता माझी नात. सुधन्वा-रेवतीची थोरली, अकरावीत. केस सरळ करायच्या यंत्रापुढे रोज अर्धा तास उभी राहणारी आणि पृथ्वीबद्दल मनापासून रडू शकणारी. या दोन गोष्टी एका देहात कशा नांदतात, असं मला पूर्वी वाटे. आता वाटत नाही. मीसुद्धा मितभाषणाचं महत्त्व या विषयावर सत्तावीस पानं लिहिलेला माणूस आहे.

रविवारी सकाळी चहाच्या वेळी ती उभी राहिली. बसून बोलण्यासारखा विषय नव्हता.

"माणसं पाच आणि एसी चार. सगळे दिवसभर आपापली दारं लावून बसतात. बाबा, तुम्हाला लाज नाही वाटत?"

"वाटते ना," सुधन्वा फोनमधून डोकं न काढता म्हणाला. "माणसं पाच आणि एसी चारच."

"मी सीरियस आहे."

"मी पण. हॉलमध्ये एक लावायचा राहिलाय."

तिचं म्हणणं असं की, शाळेची सुट्टी संपेपर्यंत दुपारी बारापासून ऊन उतरेपर्यंत घरात एकच एसी चालवायचा. वाचायचं, झोपायचं, ऑफिसचं काम, सगळं त्या एकाच खोलीत.

"कुठल्या?" मी विचारलं. अजून माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"तुमच्या," मानस म्हणाला. मानस तिचा धाकटा भाऊ, तेरा वर्षांचा. त्याने आदल्या दुपारी प्रत्येक खोलीच्या भिंतीला हात लावून पाहिला होता. "तुमची उत्तरेची आहे. आणि आजोबा, तुमच्या पुस्तकांमुळे बाहेरची भिंत तापतच नाही यार. एकदम बेस्ट इन्सुलेशन."

माझ्या ग्रंथसंग्रहाबद्दल या घरात निघालेले हे पहिले कौतुकाचे उद्गार. मी विरघळलो. विरघळलो म्हणजे गप्प बसलो. माझ्या गप्प बसण्याला लोक संमती समजतात, आणि ती समजूत दुरुस्त करायला तोंड उघडावं लागतं.

सुधन्वाला मात्र ही कल्पना मनापासून झोंबली. का, ते मला माहीत आहे. निदान मला तसं वाटतं. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये आमच्याकडे एकच कूलर होता. जूनमध्ये त्याच्यासमोर आम्ही चौघं ओळीने झोपायचो. थोरली मुलगी कल्पना नेमकी वाऱ्याच्या तोंडी, आणि धाकटा सुधन्वा कपाटामागच्या कोपऱ्यात, जिथे हवेऐवजी फक्त कूलरचा आवाज पोचायचा. ज्याला लहानपणी दार नव्हतं त्याला दार ही कमाई वाटते. नोएडात दहाव्या मजल्यावर त्याने प्रत्येकाला एक दार मिळवून दिलं होतं, आणि आता त्याचीच मुलगी त्याला परत ओळीत झोपायला सांगत होती.

"ठीक आहे," तो अखेर म्हणाला. "एक आठवडा. मीटरच्या ॲपवर युनिटं दिसतात. गेल्या आठवड्यापेक्षा चौथा हिस्सा कमी आली, तर सुट्टीभर तुझं राज्य. शनिवार-रविवार मीपण आजोबांच्या खोलीत चटईवर बसेन. नाही आली, तर ज्याचं दार त्याला परत, हॉलमध्ये पाचवा एसी, आणि या विषयावर मला पुन्हा लेक्चर नको."

"डन."

"पुढच्या रविवारी ताई आमरसाला येतेय. तिच्यासमोर निकाल."

"आणि ते केसांचं मशीन?" रेवतीने स्वयंपाकघरातून विचारलं.

"आई, ते किती खातं असं—"

"अक्षता."

"ओके. फक्त वीकेंडला."

त्या दुपारी मला जरा हुशारी वाटली. वाटायला नको होती. माझ्या हुशारीतून सहसा नुकसानच निघतं.

झालं असं, की नोकरीत असताना वीजबचतीच्या एका हिंदी घोषवाक्याचं मराठी माझ्याकडे आलं होतं. मी लिहिलं: 'गरज नसता दिवा मालवा, उद्याचा उजेड आजच साठवा.' स्टिकर छापली गेली. मग एका अभियंत्याने कळवलं की उजेड साठवता येत नाही. उरलेला गठ्ठा टाकून द्यायला सांगितला होता; तो मी घरी आणून ट्रंकेत ठेवला. तो ट्रंकेतून काढून मी भीत भीत अक्षताला दाखवला.

"मालवा म्हणजे?" तिने विचारलं.

"विझवा."

"म्हणजे ऑफ करा. क्यूट आहे, आजोबा. पण फॉन्ट फारच जुना आहे ना."

तिने एकही घेतलं नाही. मग मी आपलं एक स्टिकर माझ्या बाथरूमबाहेरच्या बटणांच्या पाटीवर लावलं. आत हवेचे फुगे राहू नयेत म्हणून तळहाताने वरून खाली, चांगलं दाबून बसवलं. दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. लेखकाला आपलं लिखाण भिंतीवर पाहून जे वाटतं, ते वाटलं.

आठवडा सुरू झाला.

पहिल्याच दुपारी माझ्या खोलीत तीन चटया, एक गादी, दोन लॅपटॉप आणि चिवड्याचा डबा आला. मानस जमिनीवर आडवा होऊन विश्वकोशाच्या खंडांना पाय टेकवू लागला. तिथे गार लागतं म्हणे. अक्षता कानात ती इअरफोनची बोंडं घालून फोन बघायची आणि मधेच एकटीच खो-खो हसायची. पृथ्वी वाचवायची आहे म्हणून पृथ्वीवरचे विनोद बघू नयेत असं थोडंच आहे. रेवती आठवड्यातून दोनदा घरून काम करते. तिच्या मीटिंगमध्ये कुणी तरी विचारलं की मॅडम, तुम्ही लायब्ररीत आहात का, आणि त्या दिवसापासून ती कॅमेऱ्यामागे माझी कपाटं येतील अशीच बसू लागली. सुरुवातीला तिला नियम आवडला होता. "दोन्ही पोरं डोळ्यांसमोर असतात," ती मला हळूच म्हणाली होती. गुरुवारी तिच्या साहेबांना मानसचं घोरणं ऐकू गेलं, तेव्हापासून ती सुधन्वाच्या पक्षात गेली.

माझं वाचन बंद पडलं. टेबलावरचा दिवा लावला, की अक्षता मान वर न करता म्हणायची, "आजोबा, दिवसा लाइट?" पडदा सरकवला, की मानस ओरडायचा, "ऊन आत येतंय!" मी एकच पान आठवडाभर वाचत होतो. त्या पानात भानूचं पत्र होतं.

मंगळवारी मानसने शाळेत शिकवलेलं सांगितलं, की माणूस नुसता बसला तरी शंभर वॅट उष्णता बाहेर टाकतो. "म्हणजे आपण इथे चार जुने बल्ब आहोत. एसीला आपल्याला पण गार करावं लागतं."

मी मनात हिशेब केला. मी नाशिकला गेलो तर घरातला एक बल्ब कमी होईल. स्वतःच्या सोयीसाठी जाणं मला कधी जमलं नसतं. देशासाठी जाणं सोपं वाटू लागलं.

त्याच सुमारास जेवताना मी एक निरीक्षण मांडलं, तेही नमूद केलं पाहिजे. दिल्लीच्या उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी इतकी तापते की नळाला चटका बसेल असं पाणी येतं. म्हणून आम्ही जुने लोक एक युक्ती करतो: गीझर बंद ठेवायचा आणि त्याच्याच नळाचं पाणी घ्यायचं. आत साठून राहिल्यामुळे ते कमी तापलेलं असतं. ही युक्ती घरात मीच सगळ्यांना शिकवली, आणि माझ्याकडे शिकवण्यासारखं फार नसल्यामुळे दर वर्षी पुन्हा शिकवतो.

"यंदा काही खरं नाही," मी म्हणालो. "बंद गीझरमधलं पाणीसुद्धा हात घालवत नाही इतकं तापतंय. बादली भरून ठेवतो, दोन तासांनी अंघोळ करतो."

"बघा!" अक्षता ताडकन म्हणाली. "बाबा, ऐकलंत? आजोबांना एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं."

"कधीच नाही," मी म्हणालो. विश्वासू साक्षीदार मिळाल्याचा आनंद तिच्या तोंडावर पाहून मी आणखी भर घातली. "दिवसेंदिवस वाढतंय."

उकाड्यामुळे मी दिवसातून तीनदा अंघोळ करत होतो.

मानस एकटाच थोडा गोंधळात होता. ॲपवर घरात त्या क्षणी किती वीज चालली आहे तेही दिसतं. सगळे एका खोलीत स्वस्थ बसलेले असताना आकडा मधेच उडी मारायचा आणि थोड्या वेळाने खाली यायचा. "आई, काही तरी ऑन होतंय मधे मधे."

"फ्रिज असेल."

"फ्रिज इतका नसतो."

"मग तुझं गेमचं खोकं असेल, राजा," रेवती म्हणाली. त्यावर मानसने तो विषय पुन्हा काढला नाही.

रविवारी कल्पना गुरुग्रामहून आली. हापूसची हंगामातली शेवटची पेटी तिने येताना दिल्लीच्या कस्तुरबा गांधी मार्गावरून उचलली होती. बरोबर तिचा मुलगा धवल, बारावी झालेला, प्रत्येक विषयात आधीच निराश झालेला. माझ्या खोलीत दारातच चपला काढून तो उभा राहिला.

"हे काय रेल्वेचं वेटिंग रूम केलंय?"

"चटईवर बस," अक्षता म्हणाली. "एक खोली, एक एसी."

"आणि त्याने काय होणार? मॉलमध्ये जाऊन बघ. दारं उघडी टाकून एसी सोडलेला असतो, रस्त्यावरच्या कुत्र्यांना थंडी वाजते. आणि आपण इथे आजोबांच्या मांडीवर बसून पृथ्वी वाचवायची. चलो, वाचवा."

"मॉल माझा नाहीये. घर माझं आहे."

"घर मामाचं आहे," धवल म्हणाला, आणि सुधन्वा खूश झाला. जेवताना भाच्याच्या पानात त्याने आणखी एक पुरी वाढली.

आमरस-पुरी जमिनीवर बसून झाली. कल्पना आधी भावाच्या बाजूने होती. "इतकी धडपड करून घर घेतलं आणि पुन्हा ओळीत बसायचं?" ती म्हणाली. मग एसीच्या नेमकी समोर बसल्यामुळे तिचं मत सौम्य होत गेलं. कल्पनाला वाऱ्याच्या तोंडची जागा न मागता सापडते.

"मानस, काढ रे निकाल," सुधन्वाने हात पुसत म्हटलं.

मानसने फोन काढला. पाहिलं. पुन्हा पाहिलं. "कमी झालीत," तो म्हणाला.

"किती?"

"चौथा हिस्सा नाही. सहावा वगैरे."

एसी तेवढा बोलत होता.

"नीट बघ," अक्षता म्हणाली.

"नीटच बघितलं ताई. सॉरी."

"असं कसं? तीन एसी बंद होते. मी मशीनसुद्धा..." तिचा हात केसांकडे गेला. आठवडाभर ते कुरळेच होते. माझ्या आत्ता लक्षात आलं.

"बेटा, प्रयत्न चांगला होता," सुधन्वा म्हणाला. त्याने हे खरोखर प्रेमाने म्हटलं, आणि तेच जास्त लागलं. "पण मी म्हटलं होतं ना, एका खोलीने काही फरक पडत नाही. मोठी झालीस की कळेल."

अक्षता उठली आणि बाहेर गेली. तिच्या खोलीचं दार वाजेल असं सगळ्यांना वाटलं. वाजलं बाल्कनीचं. जूनच्या भर दुपारी, तापलेल्या फरशीवर ती अनवाणी जाऊन उभी राहिली. स्वतःच्या खोलीत गेली असती तर एसी लावावा लागला असता, असं तिने मला नंतर सांगितलं. आणि न लावता बसली असती तर कुणाला दिसलं नसतं.

"जा, आण तिला," रेवती सुधन्वाला म्हणाली.

"मी काय केलं?"

"तेच. काही नाही केलं."

घरात असं काही सुरू झालं की मी हात धुवायला जातो. हा माझा जुना रिवाज आहे. कुटुंबातल्या सर्व मोठ्या प्रसंगी माझे हात अत्यंत स्वच्छ होते. बाथरूममध्ये गेलो, सवयीने गीझरचा नळ सोडला आणि हात भाजला.

वाफ येत होती. टाकीच्या पाण्याला, कितीही तापलं तरी, वाफ येत नाही. एवढं समजायला शास्त्र लागत नाही. मला आठवडा लागला.

बाहेर येऊन मी पाटीसमोर उभा राहिलो. गीझरचं मोठं बटण खाली दाबलेलं होतं, म्हणजे चालू. गीझर चालू असला की त्या बटणाच्या वर लहानसा लाल दिवा लागतो. दिव्याच्या जागी माझं घोषवाक्य होतं. मी स्टिकरचा कोपरा नखाने उचलला. 'दिवा मालवा' या शब्दांच्या बरोबर मागे तो लाल दिवा शांतपणे जळत होता. गेल्या रविवारी वरून खाली तळहात दाबून मी घोषवाक्य भिंतीवर बसवलं होतं, आणि त्याच हाताने गीझर चालू केला होता.

आता जे सांगायचं ते मला सांगवत नाही. पण या हकिकतीत बाकीच्यांची मनं मी इतकी उघडी केली आहेत की स्वतःचं झाकणं बरं दिसणार नाही. पहिला विचार अक्षताचा आला नाही. पहिला विचार असा आला, की गप्प बसलो तर खोली परत मिळेल. चटया जातील, चिवडा जाईल, दिवा लावता येईल. नाशिकलासुद्धा जावं लागणार नाही. आणि गीझर तर आत्ता बंद करतोच आहे. पृथ्वीचं पुढे काही नुकसान नाही. गप्प बसणं हा माझा स्वभाव आहे, त्यात पाप कसलं?

मी बटण हळूच वर केलं. स्टिकरचा कोपरा परत चिकटवला.

"थांबा!" खोलीतून मानस किंचाळला. "आत्ता कुणी काय बंद केलं?"

"कुणी हललंसुद्धा नाही," कल्पना म्हणाली.

"दोन किलोवॅट एकदम खाली! हे बघा, आत्ता, आत्ता! हेच ते! आठवडाभर हेच वर-खाली होत होतं!"

आतून रेवतीचा आवाज आला. "बाबा? तुम्ही कुठे आहात?"

मी बोट अजून 'साठवा'वर ठेवून उभा होतो. पळायला जागा नव्हती. बाथरूम होतं, पण हात धुऊन झाले होते.

पाचही जण बाहेर आले. मानसने स्टिकर एका झटक्यात सोललं, बटण खाली केलं, लाल दिवा बघितला, बटण वर केलं, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की तशी नजर मी यापूर्वी फक्त माझ्या वरिष्ठांकडून पाहिली होती.

"आजोबा! आठवडाभर?"

"गेल्या रविवारपासून," मी म्हणालो. "बहुतेक."

कल्पनाला हसू आवरेना. ती भिंतीला टेकून खाली बसली. "दिवा मालवा! बाबा, दिवा मालवा!" शाळेत असताना हेच वाक्य चित्राखाली लिहून तिने बक्षीस आणलं होतं. धवल बाल्कनीत गेला आणि अक्षताला हाताला धरून घेऊन आला. तिचे तळपाय लाल झाले होते.

"तू हरली नाहीस," तो तिला म्हणाला. "आजोबांनी हरवलं. तेही झोपेत."

तिने पाटी पाहिली, स्टिकर पाहिलं, मला पाहिलं. "म्हणजे ते गीझरचं पाणी... ते ग्लोबल वॉर्मिंग नव्हतं?"

"बाथरूमपुरतं तरी नाही," मी म्हणालो.

"मी शाळेच्या ग्रुपवर लिहिलं ते! तुमचं नाव घालून!"

"निकाल निकाल असतो," सुधन्वा म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

"अच्छा? आणि हे माझ्या मुलाच्या गेमच्या खोक्यावर ढकललं होतं, त्याचं काय?" रेवती म्हणाली. ढकललं तिनेच होतं, पण ते सांगायची ही वेळ नव्हती. "माझं मत मी बदललंय. पुन्हा मोजा."

"रेवती, तू तर माझ्या बाजूला होतीस."

"होते. सकाळी."

"सुधन्वा," कल्पना जमिनीवरूनच म्हणाली, "तुला तो कूलर अजून डाचतोय ना?"

"मला हवा यायचीच नाही, ताई. कधीच नाही."

"मला माहीत होतं."

"माहीत होतं?"

"म्हणून तर मी ती जागा सोडत नव्हते, वेड्या."

सुधन्वा, कधी नव्हे तो, माझ्याकडे वळला. "बाबा, खोली तुमची आहे. तुम्हाला कुणी विचारलंच नाही. आत्ता विचारतो. नको असेल तर नको म्हणा, विषय संपला."

सगळे माझ्याकडे बघू लागले. गप्प बसलो असतो, तर त्याचा अर्थ त्यांनी हवा तसा लावला असता, आणि मी पुढची दहा वर्षं त्या अर्थाखाली राहिलो असतो.

"मला नको होतं," मी म्हणालो. "आठवडाभर एक पान वाचलं नाही. गीझर दिसला तेव्हाही गप्प बसणार होतो, खोली परत मिळावी म्हणून. मानसने पकडलं." अक्षताकडे बघवेना म्हणून मी स्टिकरकडे बघत होतो. "पण तिचं गणित बरोबर होतं. माझ्यामुळे ते चुकलं, म्हणून मला मत नाही. पुन्हा मोजा. मी हवं तर भानूकडे नाशिकला जातो. बोलावलंय तिने. तेवढेच शंभर वॅट वाचतील."

"शंभर?" अक्षता म्हणाली. तिचं नाक अजून लाल होतं. "तुम्ही? तुम्ही तर हलतसुद्धा नाही, आजोबा. साठ. मॅक्स."

"साठ," मानसने मान्य केलं.

"आणि पुस्तकं घेऊन जाल ना? मग ती भिंत तापणार. मग ती खोलीच बाद. म्हणजे नुकसान जास्त." ती बोटांवर मोजत होती, आणि मोजता मोजता तिचा आवाज हलला. "म्हणजे नाही परवडत. तुम्ही जाणं. ओके?"

"मला वाचायला दिवा लागेल," मी म्हणालो. या घरात मी मांडलेली ही पहिली अट.

"नऊ वॅटचा. टेबलाचा. मी आणते."

सुधन्वाने सोफ्यावरची उशी उचलली, माझ्या खोलीत गेला आणि एसीच्या नेमक्या समोर आडवा झाला. "ही जागा माझी," तो छताकडे बघत म्हणाला. "ताई, तू कपाटामागे."

तास-दीड तासाने, सगळे इकडेतिकडे लवंडले असताना, मी पुस्तकातून पत्र काढलं आणि एक पोस्टकार्ड घेतलं. मानस शेजारून वाचत होता. मला कुणी बघत असलं की लिहिता येत नाही, पण या वेळी मजकूर फार नव्हता.

"भानू, वरची खोली कुणाला तरी देऊन टाक, रिकामी ठेवू नकोस. माझी पुस्तकं इथे भिंतीच्या कामी लागली आहेत. मला इथे साठ वॅटचा धरतात. तुझ्याकडे आलो असतो तर शांतता मिळाली असती, आणि गीझर चालू राहिल्याचं मला सांगायला कुणी वर आलं नसतं. थंडीत तू इकडे ये. एक चटई अजून बसते. तुझा, दादा."

ऊन उतरल्यावर अक्षता माझ्याबरोबर खाली आली. पोस्टाची पेटी कुठे आहे ते गेटवरच्या गार्डला ठाऊक नव्हतं. त्याने दुसऱ्या गार्डला विचारलं, आणि त्याने बाजारापलीकडच्या दवाखान्याच्या भिंतीकडे बोट दाखवलं. पेटी तिथे होती. तोंडाशी धूळ होती. अक्षताने तिच्यावर टकटक केलं.

"ही चालू आहे?"

"असावी."

मी कार्ड अर्धं आत सरकवलं आणि थांबलो. शेवटाआधीचं वाक्य जरा बदलायला हवं होतं का? 'थंडीत' की 'हिवाळ्यात'?

"आजोबा. टाका ना."

मी सोडलं. आत पत्र पडल्याचा बारीक आवाज आला. पेटी बहुधा रिकामीच होती.

"झालं? आता परत काढता येत नाही?"

"नाही."

कार्ड आत नीट गेलं ना, म्हणून मी पेटीवर वरून खाली तळहात दाबला, आणि घाबरून लगेच काढून घेतला.